गोळीचं नाव काय होतं?

मागच्या अंकात अंगावर पित्त उठण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की अँटिबायोटिकमुळे कधीकधी कातडीवर वेगळंच काहीतरी होतं, ते पित्त नसतं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीयत आणि नावं काढलीयत. आधीच सांगते, यातले बरेचसे त्रास दुर्मिळ आहेत, डॉक्टरांनी नीट तपासून दिलेलं अँटिबायोटिक घाबरून बंद करू नका, पण वाचा मात्र पूर्ण.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, वय ३४, सांगली जिल्हा. टेम्पो चालवतो, बेदाणा घेऊन मुंबईपर्यंत जाणं असतं. दोन वर्षं झाली, खालच्या ओठावर आणि लघवीच्या जागी टोकाला एक डाग येतो. आधी जळजळतं, लाल होतं, कधी फोड येतो, मग काळं पडतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी. एका डॉक्टरांनी नागीण म्हणून औषध दिलं, दुसऱ्यांनी गुप्तरोगाच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या. व्यसन नाही, कसलं औषध चालू नाही, फक्त बाहेरचं खाणं असल्यामुळे पोट बिघडलं तर गाडीत गोळ्या ठेवलेल्या असतात. बायकोला वाटतं मी बाहेर कुठंतरी जातो. ती माहेरी जाऊन बसलीय. मॅडम मी कुठंच जात नाही.

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "कसलं औषध चालू नाही" याच्या पुढच्या अर्ध्या वाक्यात. पोट बिघडल्यावर घेता ती गोळी. आपल्याकडे बहुतेक लोक लूज मोशनच्या गोळीला औषध धरतच नाहीत, ती साखर-मीठ असल्यासारखी घरात, गाडीत, पर्समध्ये पडलेली असते, म्हणून डॉक्टरांनी "काही औषध घेता का" विचारलं की माणूस मनापासून "नाही" म्हणतो.

मी तुमच्याकडून त्या गोळीचा फोटो मागवला होता. फोटोत कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा, तीन गोळ्या उरलेल्या, नावाचा पुढचा भाग दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाकडे गेलेला आणि आपल्याकडे उरलंय नुसतं "...डाझोल" आणि कडेला लाल रेघ. ते टिनिडाझोल असेल नाहीतर ऑर्निडाझोल असेल, आणि जुलाबाच्या या जोडगोळ्यांमध्ये त्याच्या जोडीला बहुतेकवेळा नॉरफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन असतं. यातलं कुठलंही औषध तुम्हाला होतोय तसा त्रास देऊ शकतं. या त्रासाला आम्ही फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतो, म्हंजे ठरलेल्या जागीच उठणारी औषधाची रिअ‍ॅक्शन. फ्रान्समधल्या ब्रोक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९४ मध्येच हे नाव देऊन ठेवलंय, तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, त्यांनी ते तापावरच्या एका गोळीमुळे होताना पाहिलं होतं.

त्याच जागी का, तर पहिल्यांदा रिअ‍ॅक्शन झाली तेव्हा शरीराच्या संरक्षणाच्या काही पेशी, टी सेल, त्या जागच्या कातडीत मुक्कामाला राहिल्या. डाग फिका झाला तरी त्या तिथंच असतात. पुन्हा तीच गोळी पोटात गेली की अर्ध्या तासापासून ते साधारण एका दिवसाच्या आत त्याच पेशी त्याच जागी पेटतात. ओठ, लिंग, हातापायाचे पंजे या जागा या रिअ‍ॅक्शनला विशेष आवडतात. नागीण परत परत त्याच जागी येऊन असा काळा-जांभळट गोल डाग सहसा ठेवत नाही, आणि लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांशी तर याचा काही म्हणजे काही संबंध नाही.

हे मी पत्रावरून लिहितेय, तेव्हा एकदा स्किन स्पेशालिस्टला प्रत्यक्ष दाखवा. पण तुम्ही पाठवलेल्या तारखा बघा ना, मागच्या पाचपैकी चार वेळा डागाच्या आदल्या रात्री कुठल्यातरी ढाब्यावर पोट बिघडल्याचं तुम्हीच लिहिलंय. ताई माहेरी आहेत त्यांना हे पान दाखवा, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोरच ऐकू द्या. असे डाग घेऊन आलेली कितीतरी जोडपी मी पाहिलीयत. नवरा मान खाली घालून बसलेला आणि बायको खिडकीकडे बघत असलेली, आणि शेवटी कारण निघतं पाच रुपयांची गोळी. मला याचा फार त्रास होतो, कारण पहिल्या दिवशी कुणी "पोटासाठी काय घेतलं होतं" एवढं विचारलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आता करायचं काय, तर ती गोळी कायमची बंद. "खात्री करायला एकदा घेऊन बघतो" असं अजिबात करू नका, दरवेळी डागांची संख्या वाढत जाते आणि काही लोकांना पुढं अंगभर मोठे फोड येतात, वयस्कर माणसाच्या तर ते जिवावर बेततं. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल हे एकाच घरातले भाऊ आहेत, एकाचा त्रास झाला तर दुसऱ्याचाही होऊ शकतो, म्हणून नक्की कोणतं ते ठरेपर्यंत सगळेच टाळा. काळा डाग जायला महिने लागतात, तोवर मेडिकलमधून गोरेपणाची किंवा पाच औषधं एकत्र कोंबलेली ट्यूब आणून त्या नाजूक जागी लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं. आणि साधे जुलाब बहुतेकवेळा व्हायरसचे नाहीतर खाण्यातल्या विषारीपणाचे असतात, त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. गाडीत ओआरएसची पाकिटं ठेवा. रक्त पडलं, ताप आला, पाणी राहीना तर डॉक्टर.

प्रश्न: ताई, मी नाशिकहून लिहितेय. माझी आई ६२ वर्षांची. युरिन इन्फेक्शनसाठी तिला सल्फाच्या गोळ्या दिल्या होत्या (कोट्रायमोक्साझोल), सात दिवसांचा कोर्स नीट पूर्ण झाला. तीन दिवसांनी ताप आला, घसा दुखायला लागला, डोळे लाल झाले, तोंड आलं. आम्हाला वाटलं उष्णता झाली, गुलकंद दिला, तोंडाला तूप लावलं. दुसऱ्या दिवशी छातीवर लाल-काळे ठिपके उठले, शेजारच्या आजी म्हणाल्या कांजिण्या आहेत, कडुलिंबाचा पाला ठेवा. चौथ्या दिवशी पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. २६ दिवस आयसीयूत होती. देवाच्या कृपेने वाचली, पण डोळे कोरडे पडलेत, उजेड सहन होत नाही. डॉक्टरांनी स्टीव्हन्स जॉन्सन असं नाव सांगितलं. माझा प्रश्न एवढाच आहे की आम्ही कुठं चुकलो? आधी कळलं असतं का?

उत्तर: ताई, तुम्ही चुकला नाहीत. ताप, घसा, लाल डोळे, तोंड येणं, या चार गोष्टी एकत्र पाहिल्यावर दहातल्या नऊ घरांत लोक व्हायरल किंवा उष्णताच म्हणतील, आणि पहिले दोन दिवस बऱ्याच डॉक्टरांनाही तसंच वाटतं. गोळ्या संपून तीन दिवस झाल्यावर त्रास सुरू झाला म्हणून तर गोळीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. या आजाराची खोड हीच आहे. गोळी घेतल्या घेतल्या काही होत नाही, औषध सुरू केल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांत कधीही उठतो, कोर्स संपलेला असला तरी.

१९२२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी ७ आणि ८ वर्षांच्या दोन मुलांबद्दल लिहिलं होतं, अंगावर पुरळ, तोंडात जखमा आणि डोळे भयंकर सुजलेले. तेव्हा सल्फाची औषधं आलेलीच नव्हती, म्हणजे काही वेळा, विशेषतः मुलांमध्ये, असं चित्र इन्फेक्शनमुळेही दिसतं. पुढं १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या लायेल यांनी उकळतं पाणी सांडल्यासारखी कातडी सुटून येणारे चार पेशंट नोंदवले. आज आम्ही हे दोन्ही एकाच आजाराच्या पायऱ्या मानतो. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स जॉन्सन, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस), मधलं दोन्हीच्या मध्ये. स्टीव्हन्स जॉन्सनमध्ये शंभरातले ५ ते १० पेशंट दगावतात, टेनमध्ये ३० च्या आसपास. आकडे भीतीदायक आहेत, पण आजार दहा लाख लोकांत वर्षाला मोजक्या काही जणांनाच होतो हेही तितकंच खरं. एचआयव्ही असलेल्यांना मात्र सल्फामुळे हा धोका कित्येक पट जास्त असतो.

आत काय घडतं तर शरीराच्या संरक्षक पेशी औषधाला शत्रू समजतात आणि ग्रॅन्युलायसिन नावाचं एक प्रथिन सोडतात, त्याने कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी मरत जातात आणि तो थर खालच्या थरापासून सुटतो. तोंडाच्या आतलं अस्तर, डोळ्याचं अस्तर, लघवीची जागा, सगळीकडे हेच. म्हणून तोंड येणं आणि डोळे लाल होणं आधी दिसतं, कातडी नंतर.

मी एका सरकारी हॉस्पिटलात रेसिडेंट होते तेव्हाची एक बाई मला अजून आठवते. चादर बदलायची म्हटलं की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, कारण चादरीबरोबर पाठीची साल निघायची. आमच्या सिस्टरनी कुणाला तरी मंडईत पाठवून केळीची पानं मागवली, स्वच्छ धुऊन पुसून चादरीवर अंथरली आणि चौघांनी धरून तिला अलगद त्यावर ठेवलं. केळीच्या पानाला ओली कातडी चिकटत नाही. तिने त्या दिवशी पहिल्यांदा श्वास मोकळा सोडला. आपल्याकडच्या बऱ्याच वॉर्डांत अशा आणि भाजलेल्या पेशंटसाठी अजूनही केळीचं पान वापरतात, आणि ते चांगलं काम करतं. स्टेरॉइड द्यावं की सायक्लोस्पोरिन यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत, पण संशयित औषध पहिल्या तासात थांबवणं, भाजलेल्या पेशंटसारखी काळजी घेणं, पाणी-क्षार-इन्फेक्शन सांभाळणं आणि डोळ्यांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून बोलावणं यावर कुणाचंच दुमत नाही.

आधी कळलं असतं का, तर गोळी देण्याआधी कळण्याजोगी तपासणी सल्फासाठी आज नेहमीच्या वापरात नाही. पण पुढच्या वेळी कुणाच्या घरात हे ओळखायचं असेल तर माझी एक साधी खूण आहे. पुरळाला नुसती खाज सुटत असेल तर थोडा वेळ आहे. कातडी दुखायला लागली, हात लावला तरी आग होतेय, तोंड किंवा डोळे पण धरलेत, ठिपके मधोमध काळपट पडतायत आणि महिन्याभरात नवीन औषध सुरू झालं होतं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मोठ्या हॉस्पिटलात जायचं, आणि मागच्या महिन्याभरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्या सुद्धा, पिशवीत घालून न्यायच्या. अँटिबायोटिक सोडूनही फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन), युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, काही पेनकिलर यांच्यामुळेही हेच होतं.

आता आईच्या डोळ्यांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण हॉस्पिटलमधून सुटल्यावर सगळे निःश्वास टाकतात आणि डोळे मागे पडतात. कोरडेपणा पुढं वाढू शकतो, पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासतात, पापणी डोळ्याला आतून चिकटते. नेहमीच्या चष्म्याच्या डॉक्टरांवर थांबू नका, कॉर्नियाच्या तज्ज्ञांना दाखवा. घालायचे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले हवेत, कारण दिवसातून दहादा घालायचे तर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला त्रास देतं. पापणीची आतली कड खरखरीत झाली असेल तर ओठाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तिथं बसवतात, आणि बुबुळावर पाण्याचा थर धरून ठेवणाऱ्या स्क्लेरल लेन्स असतात, त्याने कितीतरी लोक पुन्हा कामाला लागलेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात या डोळ्यांवर बरंच काम झालंय, मुंबई-पुण्यातही तज्ज्ञ आहेत. उशीर झाला असं समजू नका, पण आणखी वेळही घालवू नका.

तुम्हा भावंडांना भीती वाटणं साहजिक आहे. हा आजार सरळ आईकडून मुलांकडे येत नाही, पण शरीराची ठेवण रक्ताच्या नात्यात सारखी असू शकते, म्हणून तुम्हीही तेच औषध सांगून टाळलेलं बरं, पर्याय भरपूर आहेत. आणि एक विनंती, याची नोंद करा. भारत सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स, म्हंजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर पेशंट किंवा नातेवाईक स्वतः रिअ‍ॅक्शन कळवू शकतात. ती कुणाविरुद्धची तक्रार नसते, कुणावर केस होत नाही, पण अशा नोंदी साठल्या तरच कुठल्या औषधावर इशारा छापायचा ते ठरतं. आईच्या २६ दिवसांची कुठंतरी एक ओळ तरी राहू दे.

प्रश्न: इंजेक्शनच्या आधी हाताला छोटी टेस्ट करतात ना, ती सगळ्या गोळ्यांसाठी करून घेतली तर? (कोल्हापूर)

उत्तर: नाही उपयोग होणार. ती टेस्ट लगेच होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी, म्हंजे मिनिटांत गांधी उठणं, श्वास लागणं, बीपी पडणं यासाठी, आणि तीही नीट केली तर मुख्यतः पेनिसिलिनसारख्या औषधांना कामाची. वर लिहिलेले दोन्ही आजार वेगळ्या पेशींमुळे होतात, त्या टेस्टमध्ये ते दिसतच नाहीत. टेस्ट निगेटिव्ह होती म्हणून नंतर उठलेलं पुरळ औषधाचं नाही असं समजून औषध चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न: माझा मुलगा ३ वर्षांचा. घसा आणि तापासाठी अमॉक्सिसिलिन चालू होतं, सहाव्या दिवशी अंगभर बारीक गुलाबी पुरळ, ताप नाही, खेळत होता, जेवत होता. फाइलवर लाल पेनने "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" लिहिलंय. आता आयुष्यभर हे टाळायचं का? (डोंबिवली)

उत्तर: बहुतेक नाही, पण स्वतः ठरवू नका. लहान मुलांना व्हायरल तापात पुरळ येतंच, आणि काही व्हायरसच्या आजारात, विशेषतः ग्रंथी सुजवणाऱ्या मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, अमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याचदा पुरळ उठतं, तो त्या जोडीचा परिणाम असतो, कायमची अ‍ॅलर्जी नसते. पाश्चात्त्य देशांत साधारण १० टक्के लोक स्वतःला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगतात, आणि त्यांची नीट तपासणी केली तर त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ते औषध चालतं. चुकीचा शिक्का बसला की पुढं प्रत्येक वेळी जास्त भारी, जास्त महाग आणि बऱ्याचदा कमी योग्य अँटिबायोटिक दिलं जातं. मुलगा थोडा मोठा झाला की अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे, हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली तपासून घ्या.

तोवर त्या लाल पेनच्या शिक्क्याखाली एवढं लिहून घ्या: कितव्या दिवशी उठलं, कसं दिसत होतं, फोड होते का, तोंड-डोळे धरले होते का, श्वास लागला होता का. आणि पुरळाचा फोटो ठेवा, पाच वर्षांनी तो फोटो कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो. जर फोड, तोंडात जखमा किंवा श्वासाचा त्रास झाला असता तर माझं उत्तर पूर्ण वेगळं असतं.

प्रश्न: वडिलांना टीबीची औषधं चालू होऊन पाच आठवडे झाले. आता ताप परत आलाय, अंगभर लाल पुरळ आणि चेहरा इतका सुजलाय की डोळे बारीक झालेत. ते म्हणतात गोळ्या गरम पडल्यात, बंद करतो. (सोलापूर)

उत्तर: या मेलला मी लगेच उत्तर दिलं होतं आणि ते अ‍ॅडमिट झालेत, आता बरे आहेत, म्हणून इथं छापतेय. टीबीच्या गोळ्यांनी नुसती खाज किंवा थोडं पुरळ येणं नेहमीचं आहे, डॉक्टर खाजेची गोळी देऊन औषध चालू ठेवतात. पण ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी आणि दोन ते आठ आठवड्यांच्या मधला काळ, हे जुळलं की ड्रेस नावाच्या रिअ‍ॅक्शनचा संशय घ्यावा लागतो. यात कातडी हा वरवरचा भाग, खरा धोका लिव्हर, किडनी, कधी हृदयाला. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात, लिव्हरचे रिपोर्ट बिघडतात. व्हँकोमायसिन, मिनोसायक्लिन, सल्फा यांच्यामुळेही होतं, आणि कुष्ठरोगाच्या औषधांमधल्या डॅप्सोनमुळेही, ज्याच्या गोळ्या महाराष्ट्रात हजारो लोकांनी घेतल्यात आणि बरे झालेत.

"गरम पडल्या" म्हणून स्वतःच बंद करण्यात दोन्हीकडून नुकसान आहे. एक तर रिअ‍ॅक्शनवर इलाज होत नाही, दुसरं म्हणजे टीबी अर्धवट राहतो आणि औषधांना दाद न देणारा होतो. रोजच्या गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं एकत्र असतात, त्यामुळे कोणतं नडलं ते गोळी बघून कळत नाही. हॉस्पिटलमध्ये आधी सगळं थांबवतात, शरीर शांत होऊ देतात, मग एकेक औषध सुटं करून थोड्या डोसने सुरू करतात आणि नडणारं सापडलं की तेवढं वगळून कोर्स पुन्हा बांधतात. वेळखाऊ काम आहे, वडिलांना सांगा चिडू नका. स्टेरॉइड दिलं असेल तर ते हळूहळूच कमी करतात, मध्येच सोडलं तर सगळं उसळून येतं. आणि काही महिन्यांनी थायरॉइडची तपासणी करून घ्या, या रिअ‍ॅक्शननंतर काहींना तो त्रास उशिरा सुरू होतो.

प्रश्न: पिंपल्ससाठी महिनाभर डॉक्सीसायक्लिन घेतेय, अलिबागला दोन दिवस जाऊन आले तर नाक, गाल, हाताची मागची बाजू भाजल्यासारखी झाली आणि नखं पुढून सुटली. अ‍ॅलर्जी आहे का? (ठाणे)

उत्तर: अ‍ॅलर्जी नाही, ही गोळी आणि ऊन यांची जोडी आहे. डॉक्सी घेणाऱ्याची कातडी उन्हाला जास्त पेटते, नखाखाली सुद्धा. घड्याळाखालची कातडी बघा, तिथं काही झालं नसणार. गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, नखं वाढून पूर्ववत होतात. मात्र हे वाचून कोकणातल्या भातलावणीवाल्यांनी लेप्टोसाठी दिलेली डॉक्सी टाळू नये, लेप्टोने माणसं दगावतात, उन्हाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालता येतो.

प्रश्न: आईला सल्फाची अ‍ॅलर्जी सांगितलीय (तोंडात आणि अंगावर फोड आले होते, आता ठीक). तिला वज्रेश्वरीला जायचंय, तिथल्या गरम कुंडात गंधक असतं म्हणतात. आंघोळ केली तर चालेल का? तिच्या बाळंतपणानंतर नवस बोललेला आहे, म्हणून विचारतेय. (वसई)

उत्तर: चालेल, आनंदाने न्या. गंधक, म्हंजे सल्फर, हे मूलद्रव्य वेगळं आणि सल्फा हे औषधांचं कुटुंब वेगळं, नावं फक्त सारखी वाटतात. सल्फेट पण वेगळं. दम्याच्या पंपावर "सल्फेट" वाचून तो पंप फेकून दिलेला एक पेशंट माझ्याकडे धापा टाकत आला होता, झिंक सल्फेटचंही तसंच, ही औषधं आईंना चालतात. बीपीच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांतही रसायनात सल्फासारखा भाग असतो पण त्या अँटिबायोटिक सल्फापेक्षा वेगळ्या आहेत, त्या डॉक्टरांना सांगून घेता येतात.

टाळायचं काय ते नीट लिहून घ्या: कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिमची जोडी, मलेरियाच्या एका जुन्या गोळीतलं सल्फाडॉक्सिन, सांध्यांच्या आणि आतड्यांच्या आजारात देतात ते सल्फासालाझिन. डॅप्सोन देताना डॉक्टर स्वतः विचार करतील, त्यांना आधी सांगा. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, भाजल्यावर लावायची पांढरी क्रीम. तिच्यात बहुतेकदा सिल्व्हर सल्फाडायझिन असतं, हेही सल्फाच. निम्म्या घरांत ती फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी पडलेली असते, पोळी करताना हात भाजला की कुणीही न विचारता लावतं. आज घरी गेल्यावर ती ट्यूब बघा, नाव वाचा, आणि आईच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी हलवा. आईंच्या पर्समध्ये रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, औषधाचं पूर्ण नाव, वर्ष आणि "तोंडात व अंगावर फोड" एवढं. नुसतं "सल्फा अ‍ॅलर्जी" लिहिलं की पुढचा डॉक्टर गांधी समजतो.

कुंडाचं पाणी बऱ्यापैकी गरम असतं, आईंना आधी पायांना सवय होऊ द्या, आणि फोड येऊन गेलेल्या जागची कातडी अजून नाजूक असेल तर जास्त वेळ बसू देऊ नका. नवस फेडून आलात की कळवा.